तीन मिनिटांत शंभर फेरे

जळलेल्या मोटरचा वास शकीलाआपांना दुकानाच्या आतूनच कळायचा. शेतकरी ऑटोच्या मागच्या सीटवर पोत्यात गुंडाळून मोटर आणायचा, ती अजून खाली उतरायची असायची, तोवर आतून आवाज यायचा, "एका फेजवर चालवली नं भाऊ?" माणूस चपापायचा. "नाई जी, आपोआप जळली." आपा बाहेर येत, वाकून एकदाच वास घेत आणि म्हणत, "मोटर आपोआप जळत नाई. तुमी जाळली. उतरवा खाली."

अमरावतीच्या जुन्या वस्तीतल्या एका बोळात, त्यांच्या दुकानासमोरच्या माडीवर मी सात वर्षं भाड्यानं राहिले. मी अकोल्याची. अमरावतीला मुलींच्या शाळेत गणित शिकवायचे आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी जायचे. बाकीचे दिवस माझ्या खिडकीतून आपा दिसत. पंचेचाळिशीच्या, काटक, ओढणी कानामागे घट्ट खोचलेली, दातांत तारेचा तुकडा. विहिरीवरच्या पंपाची मोटर जळली की आतली तांब्याची तार उपसून नवी भरावी लागते. ते काम करणारी बाई मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही.

तारेचे वेढे मोजताना आपांशी बोलायची कुणाची टाप नव्हती. डावा हात वर करून त्या माणसाला थांबवत. तरी कुणी बोललंच, तर उत्तर म्हणून नुसता आकडा मिळे. "आपा, चहा घेता का?" "एकसो बारा." "पाऊस येईन का आपा?" "एकसो तेरा." एकदा पुण्याहून बदलून आलेले कुणी साहेब घरातल्या पाण्याची मोटर घेऊन आले. आपांकडे बघून म्हणाले, "मिस्त्री कुठे आहेत?" आपांनी त्यांना स्टूल दिलं. "बसा." साहेब तासभर बसले. आपांनी हातातलं काम संपवलं, हात पुसले, त्यांची मोटर उघडून पाहिली, परत बंद केली आणि म्हणाल्या, "मिस्त्री मनते, परवा या."

साहेबांना काय ठाऊक, पाटीवरचे मिस्त्री आतल्याच खोलीत बसले होते. दुकानाला नाव हमीदभाईंचं होतं. हमीदभाई म्हणजे आपांचे नवरे. मी राहायला आले तेव्हा ते काम करत आणि आपा हाताखाली असत. तालुक्याच्या गावांतून लोक त्यांचं नाव विचारत येत. मग एका वर्षी त्यांनी पकड खाली ठेवली आणि पुन्हा उचलली नाही.

देवराव नावाचा त्यांचा मित्र होता. शाळेपासूनचा. वलगावच्या रस्त्यानं आत गेलं की त्याचं गाव. बाजाराच्या दिवशी यायचा, येताना हुरडा, बोरं, काहीतरी पिशवीत असायचंच. त्याची मोटर जळली तेव्हा गहू ओंबीत होता आणि वीज दिवसातून चारच तास यायची. हमीदभाईंनी इतरांची कामं बाजूला सारून एका दिवसात मोटर भरून दिली. चौथ्या दिवशी देवराव ओल्या पायांनी मोटर सुरू करायला गेला आणि विजेला चिकटून तिथंच गेला.

लाइनमन म्हणाला, खांबावरून आलेली तार घासली होती. कुणी म्हणालं, जमिनीत अर्थिंगच पुरलं नव्हतं. पण हमीदभाईंच्या डोक्यात एकच बसलं. घाईत आपण एका खाचेत तारेखालचा कागद नीट घातला नसेल, तार लोखंडाला लागली असेल. मोटर तपासावी तर ती पोलिसांनी नेलेली, तिथून ती कुठं गेली कुणाला कळलं नाही. म्हणजे खरं काय ते कधीच कळणार नव्हतं.

ते बाजेवर बसायला लागले. सकाळी बसत, दुपारी बसत. आपा समोर ताट ठेवत, दोन घास कमी झालेलं ताट परत उचलत. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, दर्ग्याचा धागा झाला. अचलपूरला दिलेली मुलगी येऊन रडून गेली. त्या दिवसांत वर्तमानपत्रात आतल्या पानावर रोज कुठल्या ना कुठल्या गावातल्या जीव दिलेल्या माणसाची चौकट यायची. आपा पेपर आला की ते पान काढून घेत आणि त्यात कांदे गुंडाळून ठेवत. दुकानातलं विषारी व्हार्निश, दोर, ब्लेडं, हमीदभाईंची पकडसुद्धा त्यांनी पेटीत घालून कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. दर वेळी कामाला काही लागलं की कुलूप काढायचं आणि पुन्हा लावायचं. मला म्हणाल्या होत्या, "मॅडम, मी झोपतो त एक डोया उघडा ठेवून झोपतो."

मी अकोल्याला गेले नव्हते अशा एका रविवारी त्यांनी मला सोबत चला म्हटलं. कुठं जायचं ते ऑटोत बसल्यावर सांगितलं. देवरावच्या घरी. त्याची बायको निर्मला अंगणात तूर पाखडत होती. तिनं आम्हाला पाणी दिलं. आपा थेट बोलल्या, "वहिनी, एक डाव घरी येऊन त्यायले सांगून द्या, का तुमची काई चूक नाई मनून. तुमच्या तोंडून आयकलं त माणूस वाचीन माहा."

निर्मलानं सूप खाली ठेवलं. मग शांतपणे म्हणाली, "आपा, मी कशी सांगू? मले तरी कुठं माईत हाय, चूक होती का नव्हती?"

त्यात राग नव्हता. राग असता तर आपा रडल्या असत्या, भांडल्या असत्या. परतताना ऑटोत, घराजवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "खरं बोलली बाई."

त्यानंतर महिन्याभरानं त्या रेकॉर्ड प्लेअर घेऊन आल्या.

मोर्शीकडे एका संत्रेवाल्याची मोटर त्यांनी भरून ठेवली होती, ती न्यायला कुणी येईना. म्हणून आपा स्वतः ती ऑटोत टाकून निघाल्या. मला सुट्टी होती, मीही सोबत गेले. बागेत पोचलो तर बाग नव्हती. बोअर आटले होते, वाळलेली झाडं तोडून सरपणाच्या गाड्या भरणं चाललं होतं. मालक म्हणाला, "मोटर काय करू आपा? पाणीच नाई त ओढू काय?" ओसरीवर विकायचं सामान काढलेलं होतं. भांडी, पलंग, फवारणीचे पंप. त्या ढिगात एक चौकोनी लाकडी डबा होता. वर कोंबडी बसली होती. आपांनी कोंबडी हुसकली आणि झाकण उघडलं. आत रेकॉर्ड वाजवायची चकती, मोडक्या मानेसारखा लोंबणारा दांडा, आणि उंदरांनी केलेलं कापडाच्या चिंध्यांचं घरटं.

आपांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. भुकेल्या माणसानं भाकरीकडे बघावं तसा.

"चालते काय?"

"वीस वर्षांत चालला नाई," मालकाची बायको म्हणाली. "आतली मोटर जळली मनत." तिला त्याचं काही नव्हतं. ती आपांना विचारत होती, शहरात शिलाई मशीन जुनी कुठं मिळते. बाग गेली, आता गावातले ब्लाउज शिवून चार पैसे येतील असं तिच्या मनात होतं.

दुसऱ्या दिवशी आपा आपली स्वतःची शिलाई मशीन ऑटोत घालून मोर्शीला गेल्या आणि तो डबा घेऊन परत आल्या. सोबत पोत्यात आठदहा रेकॉर्डही मिळाल्या, त्यातल्या बऱ्याच उन्हानं पापडासारख्या वळलेल्या. मी म्हटलं, "आपा, मशीन दिली?" त्या म्हणाल्या, "कपडे त मी हातानंबी शिवीन."

हमीदभाई तरुणपणी एका लाउडस्पीकरवाल्याकडे लग्नांतून रेकॉर्ड वाजवत. आपांच्या चुलत बहिणीच्या लग्नात, बडनेऱ्याला, आपांकडे बघण्याच्या नादात त्यांनी जलद फिरवायची रेकॉर्ड हळू चालवली. बाई गात होती ती एकदम म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात गायला लागली आणि वरात हसून लोळली. हे आपांनी मला त्या दिवशी डब्यातली घाण काढता काढता सांगितलं, आणि स्वतः हसल्या. मग हसू तसंच तोंडावर ठेवून म्हणाल्या, "याच्यात बी मोटर हाय मॅडम. पण हिच्यानं कोणी मरत नाई."

तेव्हा मला कळलं, त्या काय घेऊन आल्या होत्या.

डबा त्यांनी मुद्दाम आतल्या खोलीत, हमीदभाईंच्या बाजेसमोर मांडला. तिथंच खाली बसून काम करायचं ठरवलं. हमीदभाई भिंतीकडे तोंड करून बसत. आपा काम करताना मोठ्यानं बोलत, जणू मला सांगतायत. "बघा मॅडम, केवढीशी मोटर. संत्र्याएवढी. इच्यातली तार केसावानी हाय." पंपाची जाड तार ओढणाऱ्या हातांना ती तार सोसेना. ती तुटायची. तसली तार अमरावतीत मिळेना, तेव्हा मी अकोल्याहून, स्टेशनजवळच्या एका म्हाताऱ्या रेडिओवाल्याकडून दोन रीळं आणून दिली. साडेतीन हजार वेढे भरायचे होते. बावीसशेवर तार तुटली. आपांनी सगळी उपसली आणि पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली. दुसऱ्यांदा तीन हजारांच्या पुढं तुटली. त्या दिवशी त्यांनी रीळ बाजूला ठेवलं, मोरीत गेल्या, नळ मोठा सोडला आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आल्या. तिसऱ्यांदा भरली तेव्हा त्यांच्या बोटाच्या शेंड्यांना चिरा पडल्या होत्या.

मोटर फिरली. पण मोटरचा जोर चकतीला पोचवणारं आत एक रबराचं चाक असतं, ते दगडासारखं कडक झालं होतं. आपांनी एका छापखानेवाल्याकडून शाई लावायच्या जुन्या रुळाचं रबर मिळवलं आणि कापून, घासून तसं चाक बनवलं. सुई पुन्हा अकोल्याच्या म्हाताऱ्यानंच दिली. बेअरिंगला शिलाई मशीनचं तेल घातलं. मशीन गेली होती, तेलाची कुपी उरली होती.

चकती बरोबर वेगानं फिरते का, हे कसं बघायचं, असं त्यांनी मला विचारलं. मी हिशेब करून सांगितलं: मोठी रेकॉर्ड तीन मिनिटांत बरोबर शंभर फेरे घेते. कडेला कागदाचा कपटा चिकटवा आणि मोजा. माझं मनगटी घड्याळ मी काढून दिलं.

शाळेला सुट्टी होती त्या दुपारची ही गोष्ट. वीज आली. आपांनी सनईची रेकॉर्ड लावली, सुई टेकवली. खरखर झाली आणि मग सूर निघाला. खरा सूर. बोळातली दोन माणसं दारात येऊन उभी राहिली. आपा रेकॉर्डकडे बघतच नव्हत्या. त्या हमीदभाईंच्या पाठीकडे बघत होत्या.

पाठ हलली नाही. सनई अर्ध्यावर आली. आपांचा चेहरा हळूहळू पडत चालला. त्यांनी दांडा उचलायला हात पुढं केला, आणि बाजेवरून आवाज आला,

"धीमा है."

मी तो आवाज दीड वर्षात ऐकला नव्हता. आपांचा हात हवेतच राहिला. "क्या बोले जी?"

"धीमा है. गिन के देख."

आपांनी मोजलं. ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी एक फेरा चुकला नाही. तीन मिनिटं झाली. "सत्तानवे," त्या म्हणाल्या.

हमीदभाई वळले. उतरून खाली बसले. चकती उचलून त्यांनी रबराच्या चाकाला बोट लावलं आणि म्हणाले, "गोल नहीं है." मग हात पुढं केला, पकड मागण्यासाठी. आपांनी गळ्यातली किल्ली काढताना दोऱ्याला एवढा हिसका दिला की मानेवर वळ उठला.

दोन दुपारी ते काम करत होते. चाक फिरतं ठेवून बारीक पॉलिशपेपरला अगदी हलकं टेकवायचं, थांबायचं, मोजायचं. आपा मोजत, ते घासत. अठ्ठ्याण्णव. पुन्हा घासलं. नव्व्याण्णव. चकतीची आतली कड त्यांनी स्पिरिटनं पुसली. दुसऱ्या दिवशी चार वाजता आपा ओरडल्या, "सौ!" आणि हमीदभाईंच्या तोंडावर काहीतरी उमटलं. हसू म्हणता येणार नाही, पण पुष्कळ होतं. त्या संध्याकाळी त्यांनी ताटातली भाकरी पूर्ण खाल्ली. आपांनी मला ते ताट खिडकीखालून वर करून दाखवलं. रिकामं ताट, घासायच्या आधीचं.

इथंच सगळं थांबायला हवं होतं.

पण आनंद आपांना धरवेना. दुकानात येईल त्याला त्या सांगत, "मिस्त्री उठले. हात चालाले लागले." बातमी गावागावांत गेली. हमीदभाईंच्या हातची मोटर पाहिजे म्हणून वाट बघणारी माणसं होतीच. आठवड्याच्या आत एका सकाळी तीन शेतकरी तीन मोटरी घेऊन दारात उभे राहिले. मी खिडकीत वेणी घालत होते. आपांनी त्यांना चहा सांगितला, त्यातली एक मोटर दोघांनी धरून आत नेली आणि रेकॉर्ड प्लेअर सरकवून त्याच्या जागी ठेवली. हमीदभाईंच्या पुढ्यात. आपांचा आवाज मला वर ऐकू आला, "देखो जी, लोग तुमारेच हात का मांग रे."

हमीदभाईंनी मोटरवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग उठले, चपला घातल्या आणि शेतकऱ्यांच्या मधून वाट काढत बोळाबाहेर गेले. आपांना वाटलं, पान आणायला गेले. कपात चहा ओतून त्यांनी वर बशी झाकून ठेवली.

ते परत आले नाहीत.

पोलिसात खबर दिली. विहिरी बघितल्या, तलाव बघितले. जिल्हा रुग्णालयात बेवारस कुणी आलं की आपांना निरोप यायचा आणि आपा जायच्या. दोनदा मी बरोबर होते. आत जाण्यापूर्वी त्या दाराशी थांबत, ओढणी सारखी करत, आणि आत जाऊन येत. "नाई," एवढंच सांगत. घरी आल्यावर दुकान उघडून कामाला बसत. आता मोजताना त्या चुकू लागल्या होत्या. कुणी न बोलताच मध्येच थांबायच्या आणि पुन्हा एकपासून सुरू करायच्या. मी एकदा जवळ जाऊन बसले तर म्हणाल्या, "मीच घाई केली मॅडम. त्यायच्या पुढं तेच ठेवाचं होतं, थे वाजाचं. दुसरं काई नाई ठेवाचं होतं."

पाच महिन्यांनी शोध लागला. मोटर भरून घ्यायला आलेल्या एका ट्रकवाल्यानं सांगितलं, अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये एक हमाल आहे, गाठी उचलतो, नाव दुसरं सांगतो, पण माणूस तुमचाच वाटतो. आपा त्याच पावली स्टँडवर गेल्या. दुसऱ्या दिवशी एकट्या परत आल्या.

"हायेत," म्हणाल्या. "जिते हायेत. केस पांढरे झाले."

"आणले का नाहीत?"

"येत नाई मनते. मले मनते, घर जाओ. मी मनलं, किदर है घर?"

पंधरा दिवसांत त्यांनी दुकान रिकामं केलं. लेथ, वाइंडिंगचा दांडा, तारेची रीळं टेम्पोत चढली. रेकॉर्ड प्लेअर एका नागपूरच्या हॉटेलवाल्यानं नेला. त्याला तो वाजवायचा नव्हता, काउंटरवर शोभेला ठेवायचा होता. आपांनी त्याला विचारलंही नाही की याला तेल कधी घालाल. ज्याच्यासाठी त्यांनी बोटं चिरून घेतली होती, तो डबा ऑटोत चढताना त्या पाठ करून तारेची रीळं मोजत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "अकोल्याले आल्या त या मॅडम. जिनिंगच्या मांगच्या गल्लीत खोली घेतली."

शनिवार-रविवार अकोल्यात असूनही माझं जाणं होत नव्हतं; गेले ते पुढच्या उन्हाळ्यात. घरी आईला बरं नव्हतं, म्हणून चार दिवस अकोल्यात होते. दुपारी एकच्या सुमारास जिनिंगच्या फाटकाशी आपा दिसल्या. कडुनिंबाच्या तोकड्या सावलीत कापडात बांधलेला डबा मांडीवर घेऊन बसलेल्या. माझा हात धरून त्यांनी मला शेजारी बसवलं आणि हळूच म्हणाल्या, "काई बोलू नका. आत्ताच येतीन."

घंटा झाली. हमालांच्या घोळक्यातून हमीदभाई आले. अंगावर, भुवयांवर, दाढीवर कापसाचा पांढरा भुसा. आमच्यापासून हातभर दूर, भिंतीला टेकून बसले. त्यांनी मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. आपांनी डबा उघडून मध्ये ठेवला, लोट्यात पाणी ओतलं. ते जेवले. एकदाही वर बघितलं नाही. आपाही त्यांच्याकडे बघत नव्हत्या. समोर रस्त्यावर एक कुत्रं ट्रकखाली सावली शोधत होतं, त्याच्याकडे बघत होत्या. पुन्हा घंटा झाली. हमीदभाईंनी डब्याचं झाकण लावलं, तो आपांच्या बाजूला सरकवला आणि फाटकातून आत गेले.

"बोलतात का काही?" मी विचारलं.

"नाई."

"आपा, असं किती दिवस?"

त्यांनी डबा कापडात बांधला. गाठ मारायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. बोटं वाकडी झाली होती. "पयले डबा फाटकावरच्या माणसाजवळ ठेवा मने," त्या म्हणाल्या. "मी ठेवत गेलो. तीन महिने ठेवला. आता बाहेर येऊन खाते." मग उठल्या, कपडे झटकले. "चालतो मॅडम. दोन मोटरी उघड्या पडल्या हायेत."

कापसाच्या गाठींनी भरलेल्या ट्रकांची रांग रस्त्याच्या कडेनं लागली होती. तिच्या बाजूबाजूनं, उन्हात, डबा छातीशी धरून त्या भराभर चालत गेल्या. शेवटच्या ट्रकपाशी वळल्या.